पी-५३ पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना?

रात्री साडेअकराला आतेबहिणीचा मेसेज आला. आत्याच्या अंडाशयातल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट, मोबाइलवर तिरका काढलेला फोटो आणि त्यात एका ओळीभोवती पिवळं वर्तुळ. ओळ अशी: पी-५३, जवळजवळ सर्व केंद्रकांत तीव्र पॉझिटिव्ह. खाली तिने लिहिलं होतं, "दादा, मी गूगल केलं. हे प्रथिन कॅन्सर रोखतं म्हणे. आईच्या गाठीत ते भरपूर सापडलंय. म्हणजे चांगलंच ना?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. उत्तर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. तिने वाचलेलं खरं होतं, रिपोर्टही बरोबर होता, पण दोन्ही जोडून तिने लावलेला अर्थ नेमका उलटा होता. पी-५३ हे प्रथिन निरोगी पेशीत जवळजवळ दिसत नाही. गाठीत ते असं ढिगाने दिसलं, की बहुतेक वेळा ते मोडलेलं असतं. हे वाक्य रात्री साडेअकराला कसं पाठवणार? दुसऱ्या दिवशी फोन केला, तासभर बोललो. त्या बोलण्यात जे विस्कळीत राहिलं ते इथे नीट लिहितोय.

४४ चं वजन, ५३ चं नाव

आधी एक दिलासा. या प्रथिनाच्या बाबतीत ढिगाने फसलेली ती पहिली नव्हे. जगातल्या उत्तम प्रयोगशाळा दहा वर्षं फसल्या होत्या.

१९७० च्या दशकात कर्करोगाचं बरंच संशोधन विषाणूंच्या मागे लागलेलं होतं. माकडांत आढळणारा एसव्ही-४० हा विषाणू उंदराच्या किंवा हॅमस्टरच्या पेशींत शिरला की त्या बेफाम वाढू शकतात, हे ठाऊक होतं. विषाणूचं लार्ज टी अँटिजेन नावाचं प्रथिन यामागे आहे हेही कळलं होतं. ते पेशीतून ओढून काढलं, की त्याला चिकटून पेशीचं स्वतःचं आणखी एक प्रथिन बाहेर येई. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि आर्नल्ड लेव्हिन आणि फ्रान्समधला एक गट यांनी ते स्वतंत्रपणे पाहिलं. न्यूयॉर्कच्या एका गटाला तर विषाणूचा संबंध नसलेल्या, रसायनांनी उठवलेल्या गाठींतही तेच सापडलं.

प्रथिनाचं वजन अजमावायला ते जेलच्या थरातून सरकवतात. हलकं असेल ते पुढे पळतं, जड असेल ते मागे राहतं. हे प्रथिन ५३ हजार डाल्टनच्या खुणेजवळ थांबलं, म्हणून पी-५३. पुढे कळलं की खरं वजन ४४ हजारांच्या आतच आहे. त्याच्या साखळीत एका जागी प्रोलीन या अमिनो आम्लाची गर्दी आहे आणि त्यामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं. नाव मात्र तेच राहिलं. खेड्यातल्या शाळेत गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून ही जन्मतारीख आधार कार्डापर्यंत सोबत येते, तसं.

खरी गफलत पुढची. गाठींच्या पेशींत या प्रथिनाचा ढीग आणि निरोगी पेशींत शोधूनही सापडत नाही, मग संशय कोणावर जाणार? १९८४ साली प्रयोगांनीही तेच सांगितलं. पी-५३ चं जनुक रास नावाच्या दुसऱ्या जनुकाबरोबर पेशींत घातलं, की त्या कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागत. पी-५३ ची नोंद कर्करोग घडवणाऱ्या जनुकांत झाली. पुढच्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाचा एक पेशीवंश असा निघाला, की त्यात हे प्रथिन मुळातच नव्हतं. चोर गावात नाही आणि चोरी झालेली, असा हा पुरावा होता. पण तेव्हा तो अपवादात जमा झाला.

चूक कुठे होती? प्रयोगशाळांनी जनुकाच्या ज्या प्रती वापरल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच आधीच बिघडलेल्या पेशींमधून काढलेल्या होत्या. जनुकाच्या प्रतीत एखादं अक्षर बदललेलं होतं आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. १९८९ साली लेव्हिन यांच्या गटाने धडधाकट प्रत वापरून पाहिली तेव्हा निकाल फिरला. पेशींची बेफाम वाढ उलट रोखली गेली. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुझान बेकर, बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या. अशा गाठींत १७ व्या गुणसूत्राचा एक तुकडा वारंवार गळालेला असतो. त्या तुकड्यावर पी-५३ चं जनुक होतं आणि जोडीतल्या उरलेल्या गुणसूत्रावरची त्याची प्रत म्युटेशनने, म्हणजे अशाच अक्षरबदलाने, बिघडलेली होती. म्हणजे गाठ वाढायची तर आधी याला बाजूला करावं लागतं. दहा वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तो रखवालदार निघाला. १९९२ मध्ये लेन यांनी त्याला 'जनुकसंचाचा रखवालदार' म्हटलं, ते विशेषण आजही चालतं. १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने पी-५३ ला वर्षाचा रेणू ठरवलं.

स्वतःच्या हकालपट्टीवर स्वतःची सही

मग चांगला रखवालदार दिसत का नाही? या प्रथिनातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

पेशी पी-५३ सतत बनवत असते आणि सतत मोडत असते. निरोगी पेशीत ते वीसेक मिनिटांत निम्मं होतं. मोडण्याचं काम सुरू करतं एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन. तोडायच्या झाडावर आधी खूण करतात, तशी ते पी-५३ वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करतं. खूण दिसली की पेशीतलं प्रोटिएझोम नावाचं यंत्र पी-५३ चे तुकडे करतं. आणि गंमत म्हणजे एमडीएम-२ चं जनुक चालू करणाऱ्यांत खुद्द पी-५३ आहे. ते वाढलं की एमडीएम-२ वाढतं आणि एमडीएम-२ वाढलं की ते घटतं. स्वतःच्या हकालपट्टीच्या हुकमावर हा पहारेकरी स्वतःच सही करतो.

बनवायचं आणि फेकायचं, ही उधळपट्टी वाटेल. पण तहान लागल्यावर विहीर खणायला नको, म्हणून पेशी हा खर्च करते. धोका दिसला की नवं प्रथिन बनवत बसायला लागत नाही. मोडणं थांबवलं की पुरे, पी-५३ आपोआप साठतं. आणि धोका नसताना ते मोडलंच पाहिजे, कारण मोकळं सुटलेलं पी-५३ पेशीलाच मारतं. एमडीएम-२ नसलेला उंदीर गर्भातच मरतो. १९९५ साली एमडीएम-२ आणि पी-५३ दोन्ही काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर ते जन्मले आणि वाढले. एमडीएम-२ नसताना उंदराला मारत होतं ते पी-५३ च.

आता रिपोर्टमधली ओळ उलगडते. म्युटेशन झालेल्या पी-५३ ला डीएनएवर नीट बसता येत नाही, म्हणून त्याला एमडीएम-२ चं जनुकही चालू करता येत नाही. हकालपट्टीच्या हुकमावर सही होत नाही, प्रथिन साठत राहतं. गाठीतल्या पेशींत त्याला मोडण्यापासून वाचवणारी आणखीही कारणं असतात, पण मुख्य सूत्र हे. पॅथॉलॉजिस्ट गाठीचा पातळ काप स्लाइडवर घेतात, पी-५३ ला चिकटणारं प्रतिपिंड सोडतात आणि ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. जवळजवळ सगळी केंद्रकं गडद तपकिरी दिसली, तर मोडक्या प्रथिनाचा ढीग. एकही रंगलं नाही, तरीही वाईट. मग बहुधा जनुक असं तुटलंय की प्रथिन तयारच होत नाही. आणि काही पेशी फिक्या, काही गडद, काही कोऱ्या, असा विस्कळीत रंग दिसला, तर पी-५३ बहुधा शाबूत. रिपोर्टमधला 'पॉझिटिव्ह' हा शब्द इथे काहीच सांगत नाही, रंगाची ठेवण पाहावी लागते. एवढ्यासाठी मला हा शब्द रिपोर्टमधून हद्दपार व्हावासा वाटतो, पण माझं कोण ऐकतंय.

धोक्याची घंटा आणि नंतर

एका पेशीतल्या डीएनएला दिवसाला हजारो ठिकाणी इजा होते. बहुतेक डागडुजी गाजावाजा न होता पार पडते. डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले, तर मात्र एटीएम नावाचं प्रथिन जागं होतं आणि पी-५३ वर फॉस्फेटचा गट चढवण्याचं सत्र सुरू होतं. त्यामुळे एमडीएम-२ ची पकड सुटते, पी-५३ साठतं, चार-चार रेणू एकत्र येतात आणि ही चौकडी डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसून इतर जनुकं चालू करते. पी-५३ स्वतः काही दुरुस्त करत नाही, कोणाला मारतही नाही. ते फक्त हुकूम सोडतं.

पहिला हुकूम 'थांब'. पी-२१ हे प्रथिन तयार होतं आणि पेशीचं विभाजन रोखून धरतं. तेवढ्यात दुरुस्ती उरकते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पुढचा हुकूम: कायमचं विभाजन बंद किंवा सरळ आत्मनाश. आत्मनाश घडवणाऱ्यांत पुमा आणि बॅक्स अशी प्रथिनं असतात. पेशी फुटत नाही, आजूबाजूला सूज येत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात.

थांबायचं की मरायचं हे ठरतं कसं? याचं उत्तर पूर्ण नाही, पण एक निरीक्षण फार सुंदर आहे. २००४ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत पी-५३ ला चमकणारं प्रथिन जोडून एकेका जिवंत पेशीचं चित्रीकरण केलं. किरणांनी इजा झाल्यावर पी-५३ एका चढत्या रेषेत वाढत नव्हतं. साधारण साडेपाच तासांच्या अंतराने ते उसळत आणि ओसरत होतं. इजा जास्त झाली म्हणून उसळी उंच होत नव्हती, उसळ्यांची संख्या वाढत होती. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की उसळ्या येत-जात राहिल्या तर पेशी सावरण्याकडे झुकते आणि पातळी एकसारखी वर टिकवून ठेवली तर विभाजन कायमचं बंद करण्याकडे.

हे सगळं फक्त प्रयोगशाळेत चालतं असं नाही. उन्हाने कातडी भाजते तेव्हा डीएनए बिघडलेल्या पेशींना मरायला लावण्यात पी-५३ चा हात असतो. उन्हात रापणं हेही काही अंशी त्याचंच काम: कातडीच्या पेशीतलं पी-५३ एक जनुक चालू करतं, त्यातून निघणारा संदेश शेजारच्या रंगपेशींना जास्त मेलॅनिन बनवायला सांगतो. शेतात दुपारभर राबून काळवंडलेला हात हा एका अर्थी पी-५३ चा शिक्का आहे. केमोथेरपीत केस गळतात त्यातही हे आहेच. २००० साली पी-५३ नसलेल्या उंदरांना केमोचं एक औषध दिलं, तर त्यांचे केस गळाले नाहीत. केसांच्या मुळांतल्या पेशींना औषध थेट मारत नाही. औषधाने डीएनए दुखावतो आणि पी-५३ त्यांना मरायला सांगतं.

अढीतला आंबा

आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. कर्करोग रोखणारं जनुक निकामी व्हायचं तर दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, हा विचार आल्फ्रेड क्नडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींवरून मांडला. पी-५३ लाही तो लागू पडतो, पण एक फरक आहे. ते चौघांच्या टोळीने काम करतं. एक प्रत बिघडली, की चांगली आणि बिघडलेली प्रथिनं एकाच चौकडीत येऊन बसतात आणि चौकडी लंगडी होते. एका नासक्या आंब्याने अढी नासावी, तसं. त्यामुळे पी-५३ च्या म्युटेशनमध्ये जनुक पूर्ण उडण्यापेक्षा एकच अक्षर बदलण्याचे प्रकार जास्त दिसतात. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेलं असतं. त्याच्याइतकं वारंवार बिघडणारं दुसरं जनुक नाही.

गाठीच्या प्रवासात पी-५३ नेमकं कधी जातं, हे अवयवावर अवलंबून असतं. मोठ्या आतड्यात साधारणपणे आधी एपीसी हे जनुक जातं, मग रास गटातलं एखादं बिघडतं, आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब मोठा होतो आणि त्याचा कर्करोग होण्याच्या सुमारास पी-५३ जातं. आत्याला झालेल्या प्रकारात उलटं. अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा हा हाय ग्रेड सीरस कर्करोग पुष्कळदा गर्भनलिकेच्या टोकाच्या पेशींत सुरू होतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी साध्या दिसणाऱ्या पेशींचा छोटा पट्टा पी-५३ च्या गडद रंगाने उठून दिसतो, गाठीचा पत्ताही नसताना. या कर्करोगात जवळजवळ प्रत्येक रुग्णात पी-५३ बिघडलेलं असतं. म्हणून रिपोर्टमधली ती ओळ आत्याचा आजार जास्त वाईट आहे असं सांगत नव्हती. तो याच प्रकारचा आहे, याला दुजोरा देत होती.

पण एक बिघाड म्हणजे कर्करोग असंही नाही. २०१८ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी माणसांच्या निरोगी अन्ननलिकेचं अस्तर तपासलं, तेव्हा मध्यम वयापासून त्यात पी-५३ बिघडलेल्या पेशींचे ठिपके जागोजागी सापडले. त्या लोकांना अन्ननलिकेचा कर्करोग नव्हता. बिघडलेली पेशी वर्षानुवर्षं शेजाऱ्यांत मुकाट राहू शकते. फरक एवढाच, की पुढच्या चुकांना आता अडवणारं कोणी नसतं. गुणसूत्रांची वाटणी चुकली, तुकडे तुटून भलतीकडे जोडले गेले, तरी पेशी विभाजत राहते. गाठीत एकसारख्या पेशी उरत नाहीत, शेकडो तऱ्हा होतात आणि औषधाला दाद न देणारी एखादी त्यात निघते. शिवाय केमो आणि रेडिएशन यांचा बराच भर पेशीला इजा करून तिच्याकडून आत्मनाश करवून घेण्यावर असतो. हुकूम सोडणाराच नसेल, तर इजा होऊनही पेशी जगते.

हत्तीची गोष्ट आता बरीच फिरली आहे, म्हणून थोडक्यात. त्याच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं, मग त्याला कर्करोग जास्त व्हायला हवा; होतो कमी. २०१५ मध्ये दिसलं की हत्तीकडे पी-५३ च्या जनुकाच्या जवळपास २० प्रती आहेत. त्यातल्या बहुतेक अर्धवट आहेत, तरी त्याच्या पेशी इजा झाल्यावर लवकर मरतात. देवमाशाकडे मात्र अशा जादा प्रती नाहीत आणि तोही प्रचंड असूनही टिकतो. एकच युक्ती सगळ्यांना लागू होत नाही.

तंबाखू, बुरशी आणि विषाणू

बिघाड कुठल्या अक्षरात झाला, यावरून कधीकधी तो कोणी केला हे ओळखता येतं. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन शरीरात बदलून पी-५३ च्या जनुकात ठरावीक जागी चिकटतं. १९९६ मध्ये अमेरिकेत या जागा नेमक्या मोजल्या, तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार बिघडणाऱ्या जागांशी त्या जुळल्या. सिगारेट कंपन्या 'हा फक्त आकडेवारीचा योगायोग आहे' असं दशकानुदशकं म्हणत आल्या होत्या. त्याला रेणूच्या पातळीवरचं हे उत्तर होतं.

दुसरा ठसा बुरशीचा. भुईमूग किंवा मका ओलसर राहिला की त्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. चीनच्या चीदोंग भागात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात यकृताच्या कर्करोगात पी-५३ च्या २४९ व्या जागी एकच ठरावीक बदल पुन्हा पुन्हा सापडला, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. सोबत हेपटायटिस बी असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. चिवड्यातला कडवट, काळसर दाणा थुंकून टाकावा, म्हातारी माणसं सांगतात ते ऐकण्यासारखं आहे.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा प्रश्न तोंडाचा. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे आणि त्याची कारणं गुपित नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात मावा, विदर्भात खर्रा, घरातल्या बायकांची मिश्री, तंबाखू-चुना आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही टपरीवर मिळणारा गुटखा. तंबाखू गालाच्या ज्या खोबणीत धरतात, तिथल्या कर्करोगाच्या जनुकांचा मोठा अभ्यास खारघरचं टाटा स्मारकाचं संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघडलेल्या जनुकांत पी-५३ ठळकपणे होतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तऱ्हा निराळी. तिथे पी-५३ चं जनुक बहुधा शाबूत असतं. एचपीव्ही हा विषाणू ई-६ नावाचं प्रथिन बनवतो, ते पेशीतल्याच एका खूण करणाऱ्या प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ वर मोडण्याची खूण करवतं आणि ते तयार होईल तसं संपवतं. प्रयोगशाळांत जगभर वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या अशाच गाठीतून घेतल्या होत्या. जवळपास ५० वर्षांनी, २००० साली, येल विद्यापीठात या पेशींतली विषाणूची जनुकं बंद केली. अर्धशतक अखंड विभाजत आलेल्या त्या पेशींत पी-५३ परत साठलं आणि विभाजन थांबलं. रखवालदार इतकी वर्षं तयार होत होता आणि मारला जात होता.

या कर्करोगाबाबत महाराष्ट्राच्या नावावर मोठं काम आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांतून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. पुण्यात बनलेली एचपीव्हीची लसही २०२३ पासून आली आहे. मोडलेलं पी-५३ दुरुस्त करणं अजून जमलेलं नाही. इथे ते मोडण्यापासून वाचवता येतं.

दुरुस्ती का अवघड आहे

कर्करोगाची बरीच नवी औषधं कशाला तरी अडवतात. जास्त चालणारं प्रथिन बंद करणं तुलनेने सोपं. पी-५३ च्या बाबतीत बंद पडलेलं चालू करायचंय. ते जमलं तर फायदा होईल हे उंदरांत दिसलं आहे. २००७ मध्ये गाठ वाढल्यानंतर पी-५३ परत चालू केलं, तर गाठी आकसल्या.

चीनने २००३ मध्ये चांगलं जनुक विषाणूवर लादून गाठीत टोचण्याच्या उपचाराला मान्यता दिली, जगातलं पहिलं मान्यताप्राप्त जनुकीय औषध म्हणून त्याचा गाजावाजा झाला. अडचण अशी, की टोचलेलं जनुक गाठीतल्या प्रत्येक पेशीत पोचत नाही, आणि दूर पसरलेल्या पेशींत तर नाहीच. दुसरा मार्ग एमडीएम-२ ला रोखण्याचा, अर्थात पी-५३ शाबूत असलेल्या गाठींसाठी. २००४ पासून अशी रसायनं हातात आहेत, पण ती निरोगी पेशींतलंही पी-५३ मोकळं सोडतात. रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात. तिसरा मार्ग मोडक्या प्रथिनाला आकार परत देण्याचा. स्वीडनमधून निघालेल्या अशा एका औषधावर फार आशा होती, २०२० च्या अखेरीस शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत ते कमी पडलं.

सध्या माझं लक्ष आहे ते २२० व्या जागेच्या म्युटेशनकडे. त्यात एक मोठं अमिनो आम्ल जाऊन लहान येतं आणि प्रथिनात एक खाच पडते; शरीराच्या तापमानाला त्याचा आकार ढासळतो. या खाचेत पाचरीसारखं बसणारं औषध तयार झालंय आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू आहेत. सुताराने खिळखिळ्या चौकटीत चिपाट ठोकावं तसं. पण हे म्युटेशन शंभर गाठींत एखाद्या गाठीत असतं. बाकीच्या मोडतोडींना वेगवेगळ्या पाचरी लागतील, आणि काहींत पाचर बसायला खाचच नाही.

आतेबहिणीचा दुसरा प्रश्न

फोनवर हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर तिने मला खरं विचारायचं होतं ते विचारलं. "मग हे माझ्यात पण असेल का?"

पी-५३ चं बिघडलेलं जनुक जन्मतः घेऊन येणारी घराणी आहेत. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ मध्ये अशी काही कुटुंबं नोंदवली, १९९० मध्ये त्यामागे पी-५३ असल्याचं कळलं. तिथे लहान वयात हाडांचे, स्नायूंचे, मेंदूचे, स्तनाचे कर्करोग एकाच घरात पुन्हा पुन्हा होतात आणि रेडिएशन शक्यतो टाळतात, कारण त्यातून नवी गाठ उठू शकते. दक्षिण ब्राझीलमध्ये एका जुन्या पूर्वजाकडून आलेलं सौम्य म्युटेशन सुमारे तीनशेंत एकाकडे आहे. तिथे मुलांमध्ये अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठी जास्त दिसतात. पण एकूणात हा प्रकार दुर्मीळ. आत्याचं पी-५३ बिघडलं ते गर्भनलिकेच्या एखाद्या पेशीत, वयाच्या कुठल्या तरी वर्षी. ती पेशी मुलीकडे गेलेली नाही. गाठीवर केलेल्या पी-५३ च्या तपासणीतून मुलीबद्दल काहीच कळत नाही.

मात्र त्याच रिपोर्टमुळे दुसरी एक तपासणी करायला हवी होती, आणि तिच्याबद्दल रिपोर्टमध्ये एक अक्षर नव्हतं. या प्रकारच्या कर्करोगात बऱ्याच जणींना बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकातला बिघाड जन्मतः असतो, आणि तो मुलांकडे जायची शक्यता निम्मी. आईची ही तपासणी रक्तावर होते. त्यात बिघाड निघाला तर आईच्या औषधांची निवड बदलू शकते, आणि मगच मुलीने स्वतःची तपासणी करून घ्यायची. मी तिला कागदावर लिहून घ्यायला सांगितलं: "डॉक्टर, आईची बीआरसीए चाचणी करायची का?" तिने ते रिपोर्टच्या मागेच लिहिलं.